डबीतला आकडा

स्ट्रमेत्स,
मंगळवार, १९ नोव्हेंबर

प्रिय ब्रीना,

आज सकाळी धुकं होतं, मग हळूहळू वर सरकलं. बचाव पथकाची माणसं कुत्र्यांना घेऊन खाली उतरली. मी त्यांना चहा दिला. नंतरच्या बसने टोल्मिनला जाऊन आलो. कुत्री बिस्त्रा दोन दिवस अन्नाला तोंड लावत नव्हती, आज थोडं खाल्लं. गाश्पर अजून सापडलेला नाही.

हे शेवटचं वाक्य सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. पण ते तुला ठाऊकच आहे. तुझी आई म्हणाली, फोनवर त्याचं नाव काढलं की तू फोन ठेवून देतेस. त्यात मला वावगं वाटत नाही. गावातली माणसं भेटायला येतात तेव्हा मी मागच्या दाराने लाकडं फोडायला जातो. घरात आता इतकी लाकडं झाली आहेत की दोन हिवाळे पुरतील. म्हणून मी तुझ्या आईला म्हटलं, मी कागदावर लिहितो, तू संध्याकाळी गोरित्साला जाशील तेव्हा ब्रीनाच्या हातात दे. ती म्हणाली, "देते, पण वाचायचं की नाही ते ती ठरवेल." तर एवढंच मागणं आहे, शेवटपर्यंत वाच. मला जे विचारायचं आहे ते सुरुवातीलाच विचारता येत नाही. आधीचं सगळं कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागणार नाही. डेअरीच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं अहवाल लिहिले, तेही असेच. आधी नमुना कुठून आला, मग काय केलं, आणि शेवटी निष्कर्ष. दुसर्‍या तर्‍हेने मला लिहिता येत नाही.

शुक्रवारी तो पहाटेच एकटा वर गेला. लाकूडगिरणीतून सुट्टी काढली होती. काळ्या कड्यावरचा म्हातारा रानबोकड शिकारी मंडळाने यंदा त्याच्या वाट्याला दिला होता. मला त्याच्याबरोबर जायचं होतं, पण गुडघा सुजला होता. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही घरी बसून जवाचं सूप करा, मी बोकड करतो." दुपार कलल्यावर त्याचा फोन आला. हलक्या आवाजात बोलत होता, धाप लागलेली. "पडला, बाबा. दोनशे ऐंशी. उतरतो आणि घेऊन येतो." मी विचारलं, फांदी ठेवलीस का? तो म्हणाला, "ठेवली. सूप गरम ठेवा, आणि मीठ बघून घाला, मागच्या वेळी समुद्र केला होतात." मग फोन बंद झाला. जपून उतर, असं मी म्हटलं नाही. फांदीचं विचारलं. तासाभरात धुकं खाली आलं आणि रात्री पाऊस पडला.

फांदी त्याने नीट ठेवली होती. शनिवारी उजाडता उजाडता मोठ्या लार्च झाडाखालच्या शिकारीच्या बैठकीवर आम्ही पोचलो तेव्हा त्याची पाठपिशवी तिथे होती. शेजारी रिकामं काडतूस होतं, आणि जमिनीवर पाइनची मोडलेली डहाळी, टोक उताराकडे, हलू नये म्हणून वर दगड. आपण कुठल्या बाजूला गेलो ते मागून येणार्‍याला कळावं, यासाठी ठेवायची ती. त्याला अजून अक्षरंही येत नव्हती तेव्हा मी हे शिकवलं होतं. अंगणात कोंबड्यांच्या मागे जातानासुद्धा तो डहाळी ठेवायचा आणि मारिया हसायची. त्याच्या आईचं ते हसू मला परवा बैठकीवर उभं असताना ऐकू आलं. असल्या गोष्टी मी बोलत नसतो, पण तुला सांगतो.

म्हणजे दिशा त्याने जमिनीवर लिहून ठेवली होती आणि अंतर फोनवर सांगितलं होतं. दोन्ही हातात असताना माणूस सापडत नाही, असं कसं होतं? पथकाचा प्रमुख रायको दोन माणसांसह दोराने उतरला. डहाळीच्या रेषेत, दोनशे ऐंशी मीटरवर, जी रुंद कड आहे तिथे. तुला ती आठवत असेल, ठेंगण्या पाइनची दाट जाळी आहे तिच्यावर. तिथे काही नव्हतं. बोकड नाही, केस नाहीत, पाइनची एक काडी मोडलेली नाही. हेलिकॉप्टर दोनदा धुक्यामुळे परत गेलं, तिसर्‍यांदा आलं तेव्हा वरून नुसते कडे आणि झुडपांचे शेंडे दिसले. मग मंडळातल्या विन्कोने सगळ्यांच्या वतीने ठरवलं की बोकड नुसता जखमी झाला असणार. उठला असेल, डावीकडच्या खिंडीतून पलीकडच्या खोलगट रानात गेला असेल, आणि गाश्पर त्याच्या मागे. मी म्हटलं, तो 'पडला' म्हणाला होता. विन्को म्हणाला, "पडलेला उठतो, लुडविक. तूही पाहिलंयस, मीही पाहिलंय." ते खरं आहे. रविवारपासून सगळे त्या रानात फिरताहेत. ते रान केवढं आहे ते तुला सांगायला नको.

उद्या रात्रीपासून मोठा बर्फ पडणार आहे. एकदा तो धरला की वसंतात काळ्या कड्यावरून सगळं खाली येतं, झाडंसुद्धा, आणि घळीतून थेट नदीत जातं. मागे एका वर्षी दोन गाई गेल्या होत्या, त्यांची घंटासुद्धा मिळाली नाही. काल चर्चजवळ मंडळाची चार माणसं उभी होती. माझ्याकडे न बघता त्यांच्यातला एक म्हणाला की काही नाही मिळालं तरी शवपेटी ठेवू, त्यावर सगळे डहाळ्या ठेवतील, शिंग वाजवतील, रीत होईल. चांगल्या मनाने म्हणाला. मी घरी आलो. रिकाम्या पेटीवर मी डहाळी ठेवणार नाही, ब्रीना. तो कसा असेल हे मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. चार रात्री थंडीत गेल्या आहेत, मला हिशेब येतो. मला त्याला खाली आणायचं आहे, एवढंच.

आता थोडं मागचं लिहितो. तुला वाटेल म्हातारा भरकटला. भरकटलेलो नाही.

तुम्ही दोघं अंतर मोजायचा तो रेंजफाइंडर घ्यायला टोल्मिनला गेलात तेव्हा मी तुमच्याबरोबर होतो. मोटारीतच बसून राहणार होतो, पण थंडी होती म्हणून आत आलो. दुकानवाल्या दारिंकाने काचेवर चार मांडले. गाश्परने ज्याच्या खोक्यावर सर्वांत मोठा आकडा होता तो उचलला आणि म्हणाला, "दीड हजार मीटर!" दारिंका म्हणाली, "हो रे बाळा, भिंतीला. पांढर्‍या भिंतीला, लख्ख उन्हात. बोकड काय चुना फासून उभा राहणार आहे तुझ्यासाठी? त्या आकड्याचा तिसरा हिस्सा धर आणि घरी जा." तो लाजला आणि तू हसलीस. मग तू एकेक यंत्र घेऊन दुकानाच्या दारात गेलीस. अंधारून येत होतं. नदीपलीकडची झाडी काळी पडली होती आणि तू त्याला प्रत्येकातून तिकडे बघायला लावलंस. तिन्हींत काळे आकडे होते, ते काळ्या झाडीत दिसेनात. तू म्हणालीस, "बोकड येतो तो अशाच वेळी. काळ्यावर काळं वाचायला तुला घुबडाचे डोळे लावून देऊ का?" चौथ्यात आकडे लाल होते. मग तू विचारलंस की समोर पाइनची फांदी आडवी आली तर हे फांदीचं अंतर सांगतं की मागच्या जनावराचं. दारिंका माझ्याकडे बघून म्हणाली, हिला शिकारीचा परवाना द्या, ह्याचा काढून घ्या.

मी मध्ये बोललो. देवाने दोन डोळे दिलेत, त्यांना बॅटरी घालावी लागत नाही, असं काहीतरी. तू लगेच म्हणालीस, "काका, देवाने दोन पायही दिलेत, मग मोटारीतून का आलात?" दारिंका ते अजून गिर्‍हाइकांना सांगते. मला तेव्हा राग आला होता असं तुला वाटलं असेल. आला नव्हता. घरात मारिया गेल्यापासून मला कुणी उलटून बोललं नव्हतं. परत येताना मी मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होतो, ते हसू दाबायला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तू माहितीपत्रक मोठ्याने वाचत होतीस आणि एकेक बटण दाबत होतीस. गाश्पर पाव कापत होता. त्याने ते पत्रक कधी उघडलं नाही, तू म्हणशील तसं ठेवायचा. यार्ड काढून मीटर तू केलेस. उजेड तू कमी केलास. आणि ते कोनाचं तू चालू केलंस. उतारावरून खाली नेम धरताना सरळ रेषेतलं अंतर मोठं असतं, पण गोळी तितकी खाली पडत नाही, ती आडव्या अंतराच्या हिशेबाने पडते; म्हणून यंत्र कोन धरून कमी केलेला आकडा दाखवतं. हे तू इतकं चांगलं समजावलंस की मला वाटलं शाळेत जावं हिने. मी मात्र तुझ्यासमोर मान हलवली नाही. डबी म्हणालो त्याला. तुमची ती डबी.

आणि मग मंडळाच्या झोपडीतला तो रविवार. पैज लागली होती, ओट्यावरून खाली चर्चच्या घंटाघरापर्यंत किती. जो सर्वांत चुकेल त्याने सगळ्यांना वाइन पाजायची. विन्को तीनशे दहा म्हणाला, बाकीचे त्याच्या आसपास. डबीत अडीचशेही आले नाहीत. काय आरडाओरडा झाला! विन्को म्हणाला, "म्हणजे काय, चर्च रात्रीतून चढण चढून वर आलं? पाद्रीबुवांना विचारा, त्यांनी ढकललं का." तू टेबलावर सुरी तिरकी धरून आणि ग्लास उभा करून सगळ्यांना कोनाचं सांगायला लागलीस. विन्को म्हणाला, "पोरी, हे गोळीला शिकव. आम्हाला वाइन कोण पाजणार तेवढं सांग." शेवटी तूच पाजलीस.

त्या दिवशी मी सगळ्यांसमोर गाश्परला म्हणालो की मंडळात एकमेकांना सांगायचं ते सरळ अंतर. मागून जो शोधायला जातो त्याला तेच लागतं. आणि तीनशे मीटरच्या पुढे गोळी झाडायची नाही. तो नियम मीच आणला होता, मंडळाचा सचिव होतो तेव्हा. एक जखमी मादी दोन दिवस शोधावी लागली होती त्या वर्षी. मी म्हणालो, ते कोनाचं बंद करून टाक. तो म्हणाला, "करतो, बाबा." त्याचे 'करतो' दोन प्रकारचे होते. एक करायचा आणि एक नाही करायचा. आवाजात फरक नसायचा. तुला तरी ओळखता यायचा का?

एप्रिलमध्ये तू गोरित्साला गेलीस. तो तुझ्याबरोबर का आला नाही हे तुला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. एकदा मी म्हणालो, गोरित्साला लाकडाची कामं खूप निघतात म्हणे. तो म्हणाला, तुमचा गुडघा बरा झाला की बघू. गुडघा काही बरा होणारा नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. डबीला तू शिवलेलं हिरवं कव्हर होतं ते त्याने तसंच ठेवलं. शिवण उसवली तेव्हा स्वतः दोरा ओवून बसला. मी बघितलं आणि दुसर्‍या खोलीत गेलो.

आता आजचं.

मी दारिंकाकडे रेंजफाइंडर घ्यायला गेलो होतो. मला बैठकीवर जाऊन स्वतः मोजायचं होतं, रायकोची माणसं चुकीच्या कडेवर तर उतरली नाहीत ना, एवढंच डोक्यात होतं. मी तसला मागितला तेव्हा ती सवयीने म्हणाली, "नेमबाजीला की शिकारीला?" आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. मी म्हणालो, शोधायला. तुमच्यासारखाच एक तिच्याकडे होता, लाल आकड्यांचा. माझा हात धरून ती मला दारात घेऊन गेली, जशी तू त्याला नेली होतीस, आणि नदीपलीकडच्या चढावर एक उभा दगड आहे तो मोजायला सांगितला. मी आकडा वाचला. ती म्हणाली, "थांब, हा कोन धरून आहे. तुला सरळ हवं असेल." तिने बटण दाबलं. मी पुन्हा त्याच दगडाकडे बघितलं. आकडा वेगळा होता.

दारिंकाने खुर्ची आणून दिली. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तूच तर शिकवलं होतंस, सुरी आणि ग्लास घेऊन. पण आमच्यात कुणी आकडा सांगितला की तो सरळच असतो. इतक्या वर्षांची ती सवय. दोनशे ऐंशी ऐकलं आणि मी, विन्को, रायको, सगळ्या खोर्‍याने दोनशे ऐंशी सरळ मोजले. गाश्पर डोळ्याला डबी लावायचा आणि आत लाल अक्षरांत जे दिसेल ते सांगायचा. ते कुठलं होतं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

बसमध्ये मी नव्या रेंजफाइंडरच्या खोक्याच्या पाठीवर हिशेब केला. त्या कड्याचा उतार मला माहीत आहे. दोनशे ऐंशी जर कोन धरलेला आकडा असेल, तर सरळ अंतर साडेतीनशेच्याही पुढे जातं. म्हणजे ती रुंद कड नाहीच. तिच्या खाली ताशीव भिंत आहे, भिंतीच्या पोटात खडक पुढे आलेला आहे, आणि त्याच्या खाली ती अरुंद कपार, जिच्यावर वीज पडून जळालेला लार्च उभा आहे. बैठकीवरून त्या जळक्या लार्चची जागा दिसते. मधल्या कडेवरून दिसत नाही, हेलिकॉप्टरमधून तर नाहीच. तिथे कुणी गेलेलं नाही.

बसमधून उतरलो तो तसाच अग्निशमन केंद्रात गेलो. रायको आणि विन्को तिथे नकाशा घेऊन बसले होते. मी सांगितलं. रायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. विन्को म्हणाला, "साडेतीनशेच्या पुढे? गाश्पर? लुडविक, नियम तुझा आहे. आणि तो पोरगा तुझ्यासमोर मोठ्याने शिंकायचासुद्धा नाही." पथकातले दोघं-तिघं हसले. मी म्हणालो, त्याला डबीत तीनशेच्या आतला आकडा दिसला असेल, तर त्याच्या दृष्टीने नियम मोडलाच नाही. विन्को म्हणाला, "असेल, असेल. तू त्याला बंद करायला सांगितलं होतंस, आम्ही सगळे होतो तिथे. आणि तो 'करतो' म्हणाला होता."

रायको मला बाहेर घेऊन गेला. त्या कपारीत उतरायला सहा माणसं लागतील, वरचा दगड सुटा आहे, पावसाने आणखी सुटला आहे. हातात उद्याचा एकच दिवस आहे आणि जागाही एकच. सगळी माणसं घेऊन खिंडीपलीकडच्या रानात शेवटचं फिरायचं, नाहीतर कपारीत उतरायचं. दोन्ही होणार नाही. तो म्हणाला, "काका, अंदाजावर मी माणसांना दोराला लटकवणार नाही, त्यांनाही घरं आहेत. तुम्ही मला खात्रीने सांगा, डबी कोनावर होती, मी उतरतो. पहाटे निघायच्या आधी सांगा." मी म्हणालो, सांगतो.

खात्री माझ्याकडे नाही. डबी त्याच्याकडे आहे, हिरव्या कव्हरात.

पण घरी आल्यावर बटाटे उकडायला ठेवले आणि मला एक गोष्ट आठवली. गेल्या वर्षी याच दिवसांत तुम्ही दोघं त्याच बैठकीवर बसून आला होतात. रिकाम्या हाताने आलात. जेवायला उकडलेले बटाटे आणि ताजं चीज होतं. तुम्ही दोघं कशावर तरी हसत होतात. तू म्हणालीस, "डबीच्या हिशेबाने तर नियमात बसतं की!" असंच काहीतरी. गाश्परने टेबलाखालून तुला पाय मारला, टेबल हललं, माझा ग्लास सांडता सांडता राहिला. तू तोंडावर रुमाल धरलास. मी बटाटा सोलत राहिलो. तरुण माणसांचं काहीतरी आहे, आपण विचारू नये, असं वाटलं मला. मी कधीच विचारत नाही. आता विचारतो. काय बसत होतं नियमात? तुम्ही त्या दिवशी जळक्या लार्चचं अंतर मोजलं होतं का? तेव्हा डबी कोनावर होती का? त्याने ते कधी बंद केलं होतं का, की माझ्यासमोर नुसतं 'करतो' म्हणाला होता? बाबांना सांगायचं नाही असं तुमचं ठरलं असेल, तर आता ते सोडून दे. मी रागावणार नाही. तो लहान असल्यापासून मी त्याला सांगितलेलं ऐकायला शिकवलं, आणि आज दुपारपासून मी एकच गोष्ट मागतोय, की त्याने माझं ऐकलेलं नसावं. मला बरं वाटावं म्हणून मात्र काही लिहू नकोस, त्या दगडाखाली सहा माणसं उतरणार आहेत. आठवत नसेल तर आठवत नाही असंच लिही. जास्त लिहायला नको. याच कागदाच्या मागे 'कोन' किंवा 'सरळ' एवढा एक शब्द लिहून आईच्या हाती परत दे. ती रात्रीच परतणार आहे, मी जागा असेन.

हे आता तुझ्या आईकडे देऊन येतो. शुक्रवारचं सूप अजून चुलीवर आहे. रोज गरम करत होतो, आज वास आला. परत आल्यावर ते ओतून टाकतो आणि भांडं घासतो.

तुझाच,
लुडविक काका